दहा मिनिटांचा लकवा

आरोग्याची शिदोरी : वाचकांच्या शंका



या सदरात दर आठवड्याला आपण एखाद्या आजाराची ओळख करून घेतो. या खेपेस आजार एका पत्रातून आला आहे. पत्र वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्याच्या एका ताईंचे आहे. नावगाव देत नाही. मजकूर त्यांच्या परवानगीने थोडा आटोपता करून देतो.

“आमच्या घरच्यांचे वय ५८. दहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. गोळ्या घेतात, पण कामाच्या दिवसांत चुकवतात. खर्रा सुटत नाही. मागच्या सोमवारी कापूस वेचता वेचता त्यांच्या उजव्या हातातला कापूस गळून पडला. मी हाक मारली तर तोंडातून शब्द नीट निघेना. ओठ एका बाजूला ओढल्यासारखा दिसला. बांधावर बसवले, पाणी पाजले, तर दहा मिनिटांत सारे पूर्ववत. सासूबाई म्हणाल्या, ‘वारं लागलं असन.’ ते पुन्हा वेचायला लागले. माझे मन मानेना, म्हणून चौथ्या दिवशी बळेच वर्ध्याला नेले. डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी केली. मानेतली डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी ८० टक्के बंद आहे, ऑपरेशन करावे लागेल आणि ते लवकरात लवकर, असे म्हणाले. घरचे म्हणतात, आता दुखत नाही, खुपत नाही. वेचणी होऊ द्या, तूर निघू द्या, संक्रांत झाली की पाहू. दीर म्हणतात, साखरवाल्याची जखम भरत नाही, ऑपरेशनच्या टेबलावरच लकवा मारतो. भाऊ, केले तरी भीती, नाही केले तरी भीती. मी कोणाचे ऐकू?”

पत्र हाती आले तो झटक्याचा आठवा दिवस होता. पत्रात फोन नंबर होता, म्हणून ताईंना उत्तर आधी फोनवर दिले. छापून येईपर्यंत थांबावे अशी ही गोष्ट नव्हती. पण हाच पेच उद्या आणखी कोणाच्या घरी पडेल, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहोत.

झाले काय?

आपल्या मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या चार. दोन मानेच्या मागल्या बाजूने, मणक्यांतून जातात. दोन पुढल्या बाजूला, कंठमण्याच्या डाव्या-उजव्या अंगाला असतात. तेथे बोट ठेवले तर ठोके लागतात. डॉक्टर त्यांना कॅरोटिड म्हणतात. जबड्याच्या जरा खाली या वाहिनीला फाटा फुटतो. एक फांदी मेंदूकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे. या फाट्यावरच वर्षानुवर्षे चरबीचा आणि चुन्याचा थर साचत जातो.

आपल्या ठिबक संचाचे उदाहरण घ्या. नळीत क्षार साचतात. पाणी कमी येते हे एक नुकसान झाले. पण साचलेल्या क्षाराचा एखादा कपचा सुटला आणि पुढच्या बारीक तोटीत जाऊन बसला, तर त्या झाडाचे पाणी एकदम तुटते. मानेतल्या वाहिनीचे असेच आहे. थराचा तुकडा किंवा त्यावर धरलेली रक्ताची बारीक गाठ सुटते, वाहत मेंदूत जाते आणि लहान वाहिनीत अडकते. मेंदूचा तेवढा भाग उपाशी पडतो.

मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेकांचे बोलणेही तिथूनच चालते. ताईंच्या घरच्यांचा उजवा हात गेला, बोलणे अडखळले आणि सोनोग्राफीत डावी वाहिनी सापडली. सारे एकमेकांशी जुळते. वारे लागण्याचा येथे काही संबंध नाही.

गाठ आपोआप विरघळली, म्हणून दहा मिनिटांत हात परत आला. पण जिथून ती सुटली तो थर मानेत अजून तसाच आहे. दुखत नाही ही खूण समाधानाची नाही, कारण या आजारात दुखतच नसते. पूर्वीच्या अभ्यासांत असा झटका येऊन गेलेल्या शंभरांपैकी सुमारे दहा जणांना तीन महिन्यांच्या आत पक्का लकवा झाला, आणि त्यांतल्या निम्म्या लोकांना तो पहिल्या दोन दिवसांतच झाला. म्हणून असा झटका आला तर चौथ्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताईंनी बळेच नेले हे फार चांगले केले.

कधी कधी हात-पाय न जाता एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखा अंधार येतो आणि काही मिनिटांत जातो. तोही याच वाहिनीचा इशारा असू शकतो. चष्मा बदलून तो टळत नाही.

साखरेचा संबंध कुठे?

रक्तात साखर जास्त राहिली की वाहिनीचे आतले गुळगुळीत अस्तर खराब होते. खराब अस्तरात चरबी लवकर शिरते आणि रक्तही लवकर गोठू पाहते. साखर असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे दुप्पट असतो. त्यात रक्तदाब वाढलेला असला आणि तोंडात खर्रा, तंबाखू किंवा बिडी असली, तर धोका आणखी चढतो.

लकवा हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार, असा आपल्याकडे समज आहे. तो खोटा आहे. आपल्या विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली गेली. त्यांत सर्वांत मोठे एकच कारण निघाले ते लकवा. शंभर मृत्यूंत सुमारे चौदा लकव्याचे होते, आणि त्यांतली बहुतेक माणसे घरीच गेली होती.

दिरांचे म्हणणे कितपत खरे?

दिरांचे म्हणणे सगळेच खोटे नाही, म्हणून ते नीट पाहू.

हे ऑपरेशन नवे नाही. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात, वारंवार असे तात्पुरते झटके येणाऱ्या एका बाईच्या मानेतील वाहिनीचा बिघडलेला भाग काढून टाकला गेला आणि तिचे झटके थांबले. आज बहुधा वाहिनी उघडून आतला थर सोलून काढतात आणि वाहिनी पुन्हा शिवतात. बरेचदा ठिगळ लावून शिवतात. काही रोग्यांत वाहिनीत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. कोणाला काय योग्य ते डॉक्टर ठरवतात.

थर सोलताना एखादा कण सुटून मेंदूत जाऊ शकतो, हे खरे आहे. म्हणजे ज्या लकव्यापासून वाचायचे, तोच ऑपरेशनमध्ये काही थोड्यांना होतो. साखर असलेल्यांत हा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त असतो, असे बऱ्याच अभ्यासांतून दिसले आहे. शिवाय साखरेने नसा बधिर झालेल्या असतात, म्हणून हृदयाचा आजार छातीत न दुखता लपून असू शकतो. ऑपरेशनच्या ताणात तो डोके वर काढतो. दिरांच्या भीतीत एवढे तथ्य आहे.

आता दुसरी बाजू. अमेरिका व कॅनडा येथे एक मोठी पाहणी झाली, तिचा निकाल १९९१ साली आला. ज्यांची वाहिनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद होती आणि ज्यांना नुकताच झटका येऊन गेला होता, अशा लोकांचे दोन गट केले होते. नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांपैकी दोन वर्षांत शंभरांत २६ जणांना त्याच बाजूचा लकवा झाला. ऑपरेशन केलेल्यांत, ऑपरेशनच्या वेळचे लकवे धरूनसुद्धा, तो शंभरांत ९ जणांना झाला. आजची औषधे त्या काळापेक्षा चांगली आहेत, म्हणून दोन्ही आकडे आज काहीसे खाली यावेत. पण इतक्या अरुंद वाहिनीत आणि झटका येऊन गेल्यावर पारडे आजही ऑपरेशनकडेच झुकते.

म्हणजे साखरेमुळे ऑपरेशनचा धोका वाढतो, तसा न करण्याचाही धोका वाढतो. साखर आहे म्हणून ऑपरेशन टाळायचे नसते. साखर आहे म्हणून ते जास्त तयारीने करायचे असते.

जखमेचेही सांगतो. साखरवाल्याच्या पायाची जखम भरत नाही, कारण तिथवर रक्त नीट पोचत नाही आणि नसा बधिर असल्याने जखम कळत नाही. मानेला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो, म्हणून तिथली जखम बहुधा चांगली भरते. साखर ताब्यात असली म्हणजे झाले.

संक्रांतीपर्यंत थांबावे काय?

ताईंच्या घरचा खरा पेच हा आहे. फुटलेला कापूस शेतात उभा, मजूर मिळेना, आणि घरचा कर्ता माणूस दवाखान्यात. हे दुःख शेतकऱ्याच्या घरातच कळते.

पण या ऑपरेशनचा गुण वेळेवर अवलंबून आहे. मोठ्या पाहण्यांचा हिशेब एकत्र करून २००४ साली जे मांडले गेले ते असे. झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केले, तर पाच जणांवर केल्याने पुढच्या पाच वर्षांत एकाचा लकवा टळतो. तेच बारा आठवड्यांनंतर केले, तर एकाचा लकवा टळायला १२५ जणांवर करावे लागते. कारण उघड आहे. धोका सुरुवातीच्या दिवसांतच सर्वांत जास्त असतो. संक्रांतीपर्यंत ज्यांचे वाईट व्हायचे त्यांचे होऊन गेलेले असते.

पेरणीला वाफसा असतो तसा या ऑपरेशनलाही असतो. वाफसा गेल्यावर बी तेच, मेहनत तीच, पण उगवण ती नाही.

कापूस आठ दिवस उशिरा वेचला तर काही बोंडे गळतील, पावसाचा शिंतोडा आला तर प्रत उतरेल. भावकीला, शेजाऱ्याला सांगून थोडे सावरताही येईल. उजवा हात आणि बोलणे गेले तर ते सावरायला कोणता शेजारी येणार? आम्ही ताईंना स्पष्ट सांगितले की संक्रांतीची वाट पाहू नका. पहिल्या दोन आठवड्यांतले आठ दिवस गेलेच आहेत.

डॉक्टरांना काय विचारावे, काय सांगावे

एक : तुमच्याकडे असे ऑपरेशन झालेल्या शंभरांत किती जणांना लकवा होतो किंवा किती दगावतात, हे संकोच न करता विचारावे. झटका येऊन गेलेल्या रोग्यांत हा आकडा शंभरांत सहाच्या आत असावा, असा जगभरचा दंडक आहे. नेहमी हे ऑपरेशन करणारा हात निवडावा.

दोन : वाहिनी किती अरुंद आहे हे सीटी अँजिओग्राफीसारख्या दुसऱ्या तपासणीने पक्के करून घेतात. आपल्या लोकांत पुष्कळदा अडथळा मानेत नसून कवटीच्या आतल्या वाहिनीत असतो. तिथे हे ऑपरेशन चालत नाही, औषधेच चालतात. या तपासणीत जे औषध टोचतात ते मूत्रपिंडावर भार टाकू शकते. म्हणून मूत्रपिंडाचा आजार असल्यास आणि मेटफॉर्मिनची गोळी चालू असल्यास आधी सांगावे.

तीन : साखरेच्या, रक्तदाबाच्या साऱ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. वैदूची पुडी चालू असेल तर तीही दाखवावी, लपवू नये. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवतात. काही गोळ्या फक्त त्या सकाळी टाळतात, कारण उपाशी पोटी साखर एकदम खाली जाते. कोणती थांबवायची ते डॉक्टरांनी सांगावे, आपण ठरवू नये. रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन आणि चरबीची स्टॅटिन गोळी तर स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये.

चार : ऑपरेशनच्या काळात साखर साधारण १०० ते १८० च्या दरम्यान ठेवतात. त्यासाठी काही दिवस इन्शुलिनची सुई द्यावी लागली तर घाबरू नये. इन्शुलिन एकदा लागले की जन्माचे लागते, हा समज चुकीचा आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली निघाली, तरी तेवढ्यासाठी घाईचे ऑपरेशन महिनोन्महिने पुढे ढकलू नये. ती उतरवण्याचे काम नंतर चालू ठेवता येते.

पाच : हृदयाची पट्टी काढली का, हे विचारावे.

सहा : ऑपरेशननंतर आवाज बसणे, जीभ एका बाजूला वळणे असे होऊ शकते. ते बहुधा काही आठवड्यांत सुधारते. पण मानेला सूज चढू लागली, श्वास अडू लागला, डोके भयंकर दुखू लागले किंवा हात-पाय पुन्हा लुळा पडला, तर क्षणाचाही विलंब न करता परिचारिकेला किंवा डॉक्टरांना सांगावे. घरी आल्यावर असे झाले तर लगेच रुग्णालयात परतावे.

पैशाचे काय?

१९४५ साली सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले आणि १९६९ साली त्याच्याच जोडीला ग्रामीण भागासाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तिथल्या डॉक्टरांनी एके काळी गावोगावी ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन उपचाराची हमी देणारी योजना चालवली होती. सुगीत थोडे धान्य बाजूला काढायचे आणि अडीअडचणीला ते कामी यायचे. आज त्या ठिकाणी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड आहे. रेशनकार्ड, आधार आणि सातबारा पिशवीत ठेवावा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपले ऑपरेशन योजनेत बसते की नाही हे त्याला दाखल होण्याआधीच विचारावे. सेवाग्राम किंवा सावंगी येथे आधी दाखवावे. तेथून नागपूरला जायला सांगितले, तर वेळ न घालवता जावे. सावकाराच्या दारी जाण्याआधी ही दारे ठोठावावीत.

साऱ्यांनीच लक्षात ठेवावे असे

साखर आहे म्हणून प्रत्येकाने मानेची सोनोग्राफी करत सुटू नये. ज्यांना कधी झटका आला नाही त्यांचा मुख्य उपाय म्हणजे साखर, रक्तदाब आणि चरबी ताब्यात ठेवणे. त्यासाठी गोळी रोज घ्यावी, वेचणीतही आणि पेरणीतही. खर्रा सोडावा. लोणचे, पापड, मीठ कमी करावे. शेतातल्या कष्टाने साखर आपोआप ताब्यात राहते या भ्रमात राहू नये. ताईंचे घरचे काही बसून खाणारे नव्हते.

अचानक तोंड वाकडे झाले, हात वर राहिना, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करावा. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही सीटी स्कॅन करून. लकवा वाहिनी फुटूनही होतो. तो असेल तर हे औषध घात करते. म्हणूनच घरी ॲस्पिरिन देऊ नये. पाणी, चहा, काढा पाजू नये, कारण गिळता न आल्याने ते छातीत जाते. ताईंनी बांधावर पाणी पाजले, ते नशिबाने सुखरूप उतरले. मान चोळू नये. कबुतराचे रक्त लावण्यात आणि गंडेदोऱ्यात वेळ घालवू नये.

एक अपवाद साखरवाल्यांचा. साखर फार खाली गेली तरी लकव्यासारखेच दिसते. घरी साखर मोजायचे यंत्र असेल तर बोट टोचून पाहावे. ७० च्या खाली असेल, माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल, तरच साखर द्यावी. त्यानंतरही दवाखान्यात न्यावेच.

ताईंचा परवा फोन आला. फोनवर बोलणे झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी घरचे तयार झाले. नागपूरला दाखल केले आहे, साखर १६० वर आली आहे आणि हा मजकूर छापायला जाईल त्या दिवशी, म्हणजे झटक्याच्या तेराव्या दिवशी, ऑपरेशन ठरले आहे. दीर रुग्णालयात सोबतीला थांबले आहेत. सासूबाई आणि शेजारच्या दोघी कापूस वेचत आहेत. “भीती गेली नाही भाऊ,” ताई म्हणाल्या, “पण आता कशाला भ्यायचं ते कळलं.”

त्यांच्या घरच्यांना लवकर आराम पडो. पुढचे वर्तमान कळले की याच सदरात देऊ. आपल्या घरी, शेजारी असा दहा मिनिटांचा लकवा कोणाला येऊन गेला असेल, तर हे पान त्यांना आजच वाचून दाखवा.